हुबेहूब आणि अमूर्त, एकाच दालनात

बेळगावात एक व्यक्तिचित्रकार आणि एक अमूर्त चित्रकार (ओळखीची आकृती न काढता नुसत्या रंग-आकारांतून बोलणारा) मिळून प्रदर्शन मांडतात, तेव्हा गर्दी आधी व्यक्तिचित्रांपुढे होते. आजीच्या कपाळावरच्या सुरकुत्या, पटक्याचे पीळ, पितळी घागरीवरची चमक, सगळं ओळखीचं. शेजारच्या कॅनव्हाससमोर मात्र लोक घुटमळतात, आणि ‘हा जुना, तो नवा’ अशी वाटणी करून पुढे सरकतात. मला ही वाटणी अजिबात पटत नाही. या दोन्ही वाटा एकाच कलाशाळेतून निघाल्या आणि त्या शाळेशी या भागाचं नातं जुनं आहे.

मुंबईत १८५७ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. हात चांगला असलेल्या मुलाला पुढे शिकायचं तर मुंबईच गाठावी लागे. शेजारच्या कोल्हापूरचे आबालाल रहिमान तिथे शिकले आणि गावी परतून रंकाळा, कोटितीर्थ रंगवत राहिले. आंबोली घाटाखालच्या सावंतवाडीचे सावळाराम हळदणकरही जे. जे.चेच. हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं त्यांचं जलरंगातलं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. ज्योतीवर तिने आडोशाला हात धरलाय आणि बोटांच्या कडा आतून लालसर झाल्यात. पारदर्शक जलरंगात उजेड वरून पांढरा रंग लावून आणत नाहीत. कागदच राखावा लागतो, त्याच्याभोवती थरावर थर देत जायचं. एकदा बुजला की तो उजेड गेला.

बेळगावात हुबेहूब चित्रणाची ही शिस्त रुजवली चित्रकार-शिक्षक के. बी. कुलकर्णी यांनी. समोर बसलेल्या माणसावरून काढायचं, आधी छायाप्रकाशाचे मोठे भाग पकडायचे, डोळे-नाक नंतर. त्यांच्या हाताखालून गेलेले रवी परांजपे (१९३५–२०२२) पुढे बोधचित्रकार म्हणून देशभर गाजले. टिळकवाडीत वरेरकर नाट्य संघाच्या कलादालनाला के. बीं.चंच नाव आहे. इथला प्रेक्षक हुबेहूबपणावर जीव टाकतो त्याचं कारण या तालमीत आहे. तो अडाणी म्हणून अमूर्तापुढे अडत नाही. त्याचा डोळा दुसऱ्या गोष्टीवर घडलाय, आणि फार चांगला घडलाय.

दुसरी, अमूर्ताची वाट त्याच जे. जे.त फुटली. १९४७ साली सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे आणि बाकरे यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप हा आधुनिक कलाकारांचा गट काढला. गोव्याकडचे वासुदेव गायतोंडे १९४८ साली जे. जे.तून बाहेर पडले, काही काळाने या मंडळींत आले, आणि त्यांच्या कॅनव्हासवरून आकृती हळूहळू नाहीशा झाल्या. रोलर आणि रंग लावायची सुरी (नाईफ) घेऊन ते रंगाचे थर चढवत आणि उतरवत. त्यांच्या चित्रातला प्रकाशही वरून पडलेला वाटत नाही, थरांच्या आतून येतो. हळदणकरांनी राखलेला कागद आठवून गायतोंड्यांपुढे उभं राहावं, दोघांचा ध्यास एकच होता हे दिसतं. जे. जे.त शंकर पळशीकरांकडे शिकलेले अमूर्त चित्रकार प्रभाकर कोलते कुडाळजवळच्या नेरूरपारचे, म्हणजे हळदणकरांच्याच मुलखातले.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं. मुंबईची ओढ तुटली नाही, पण दुसरी दिशाही उघडली. धारवाडला डी. व्ही. हालभावी यांची कलाशाळा होती, बंगळूरला १९६० साली चित्रकला परिषद स्थापन झाली. आज निपाणी, खानापूर, बेळगावकडच्या चित्रकाराची जडणघडण यांपैकी कुठेही झालेली असू शकते. सीमाभागाबद्दल बोलताना आपण भाषेपाशीच थांबतो. चित्रकलेत या भागाला दोन्हीकडून मिळालं, हे अभिमानाने सांगायला हवं.

म्हणून अशा जोडप्रदर्शनात दोघांना समोरासमोरच्या भिंती वाटून देऊ नयेत, असं मी आग्रहाने म्हणेन. व्यक्तिचित्राला लागूनच अमूर्त टांगावं. गालावरचा उजेड नुकताच पाहिलेली नजर शेजारी सरकली की तिथेही उजेडच शोधते, आणि तिला तो सापडतो. शिवाय अमूर्त काढणाऱ्याची शिकाऊ काळातली माणसांची रेखाटनं आणि व्यक्तिचित्रकाराने पाच-दहा मिनिटांत उतरवलेली, चेहराही पुरता न आलेली स्केचेस दाराजवळच्या टेबलावर मांडावीत. चहाला थांबलेली मंडळी ती नक्की चाळतील.