पकड कुणाची, शिक्षा कुणाची? आयर्लंड-ऑस्ट्रेलिया फुटबॉल मालिकेची पार्श्वभूमी

५ नोव्हेंबर २००६, डब्लिनचं क्रोक पार्क. आयर्लंड आणि ऑस्ट्रेलिया या दोन देशांच्या वेगवेगळ्या फुटबॉलचे नियम एकत्र करून खेळल्या जाणाऱ्या मालिकेचा दुसरा सामना. ८२,१२७ प्रेक्षक जमलेले आणि सामन्याचं पहिलंच सत्र. आयर्लंडच्या ग्रॅहॅम गेराटीला ऑस्ट्रेलियाच्या डॅनिएल पीअर्सने पकडलं आणि खाली पाडलं. गेराटीचं डोकं जमिनीवर आदळलं. तो बेशुद्ध झाला आणि त्याला स्ट्रेचरवरून मैदानाबाहेर न्यावं लागलं. आयर्लंडचे प्रशिक्षक शॉन बॉयलन हे मीथ काउंटीच्या संघातही वर्षानुवर्षं त्याचे प्रशिक्षक होते. हा त्यांच्याच हाताखाली घडलेला खेळाडू. सत्र संपल्यावर संघ मैदानात परत न्यायचाच नाही, इथपर्यंत विचार गेला. शेवटी संघ खेळला, ३१-६९ असा हरला आणि २००७ची मालिका रद्द झाली.

हे एका दिवसात घडलं नव्हतं. १९६७ मध्ये हॅरी बाइत्झेल यांनी ऑस्ट्रेलियन फुटबॉलपटूंचा एक संघ स्वतःच्या हिंमतीवर आयर्लंडला नेला. त्या संघाने आयर्लंडचा विजेता मीथ संघ क्रोक पार्कवरच हरवला. पुढच्या वर्षी मीथने ऑस्ट्रेलियाचा दौरा केला. दोन्ही देशांचे खेळ भावंडांसारखे दिसतात: चेंडू हातात घ्यायचा, पळायचं, लाथेने उडवायचा, उंच उडी मारून झेलायचा. पण आयर्लंडच्या गेलिक फुटबॉलमध्ये चेंडू गोल, मैदान आयताकृती आणि गोलपोस्टला जाळी. ऑस्ट्रेलियात चेंडूही लंबगोल आणि मैदानही.

१९८४ पासून अधिकृत मालिका सुरू झाली तेव्हा वाटणी ठरली. चेंडू, मैदान आणि गोलरक्षक आयर्लंडचे. ऑस्ट्रेलियाकडून आली पकड. चेंडू घेऊन पळणाऱ्याला खांदा आणि मांडी यांच्या मधे धरून खाली पाडायची मुभा. जाळीत गोल झाला तर ६ गुण, जाळीवरच्या आडव्या दांडीवरून गेला तर ३, बाजूच्या खांबांमधून गेला तर १.

माझ्या मते सगळं दुखणं या वाटणीत आहे. गेलिक फुटबॉलमध्ये खांद्याला खांदा भिडवता येतो, चेंडू हाताने उडवता येतो, पण अंगाला मिठी मारून पाडणं हा फाउल. ऑस्ट्रेलियन मुलगा लहानपणापासून पकड करायला शिकतो आणि पकडीत सापडल्यावर कसं पडायचं तेही शिकतो. कबड्डी खेळलेल्या कुणालाही विचारा, पडणंही शिकावंच लागतं. आयरिश खेळाडू ते काही आठवड्यांच्या सरावात शिकत होता. शिवाय तो हौशी. ऑस्ट्रेलियन खेळाडूचं पोटच खेळावर; आयरिश खेळाडू सामना संपला की सोमवारी कामावर जाणार, शाळेत शिकवायला किंवा शेतावर.

मैदानावरची धुमश्चक्री १९८४ पासूनच दिसू लागली. १९८६ मध्ये पर्थच्या पहिल्या कसोटीनंतर ऑस्ट्रेलियाचे प्रशिक्षक जॉन टॉड यांनी आयरिश खेळाडूंना नेभळट म्हणून हिणवलं. आयर्लंडचे प्रशिक्षक केविन हेफरनन यांच्या संघाने उरलेले दोन्ही सामने जिंकून मालिका खिशात घातली. शब्दाला याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही.

२००४ मध्ये मालिकेच्या करंडकाला कॉर्मॅक मॅकअनॅलनचं नाव दिलं गेलं. आयर्लंडमधल्या टिरोन काउंटीचा हा कर्णधार त्याच वर्षी मार्चमध्ये, अवघ्या २४ व्या वर्षी, झोपेतच गेला होता. त्या वर्षी आयर्लंडने ऑस्ट्रेलियाला सपशेल हरवलं. गोल चेंडूवर आपला हात बसत नाही हे ऑस्ट्रेलियाला पुरतं कळलं आणि पुढच्या वर्षी भर अंगबळावर आला. २००५ मध्ये मेलबर्नला ऑस्ट्रेलियाच्या ख्रिस जॉन्सनने आडवा हात फिरवून आयर्लंडच्या फिलिप जॉर्डनला पाडलं, मग मॅटी फोर्डवर हात चालवला. लाल कार्ड मिळालं, बंदीही आली. ज्याच्या नावाच्या करंडकासाठी हे चाललं होतं, त्या तरुण मुलाची आठवण येऊन आजही वाईट वाटतं.

तरी दोष एकाच बाजूचा नव्हता. २००६ ची पहिली कसोटी गॉलवेला झाली. तिथे गेराटीचाच गुडघा ऑस्ट्रेलियाच्या लिंडसे गिल्बीच्या तोंडावर बसला होता. तो अपघात म्हणून सोडून दिला गेला, पण ऑस्ट्रेलियन गोटात त्याचा राग धुमसत राहिला. क्रोक पार्कचा दिवस सांगताना हा भाग वगळणं प्रामाणिकपणाचं नाही.

खरी गोची शिक्षेची होती. वर्षातून दोनच सामने असणाऱ्या मालिकेतल्या बंदीचा धाक कुणाला वाटणार? म्हणून २००८ मध्ये मालिका परत सुरू करताना नियमच बदलले. गोल फिरवून आपटणारी पकड आणि डोक्याला धोका पोचवणारी समोरून दिलेली धडक यांना लाल कार्ड. मुख्य म्हणजे या मालिकेतली बंदी घरच्या स्पर्धेतही लागू करता येईल, अशी तरतूद झाली. आता चुकीची किंमत क्लबच्या आणि काउंटीच्या सामन्यांत मोजावी लागणार होती.

त्या वर्षी पर्थला आयर्लंड ४५-४४ असं जिंकलं आणि मेलबर्नला ५७-५३.