मृतदेहाजवळची पहिली दहा मिनिटं : एका प्रशिक्षणाची पार्श्वभूमी

मृत्यूच्या जागी सगळ्यांत आधी पोचतो तो शवविच्छेदन करणारा डॉक्टर नसतो आणि तपास अधिकारीही नसतो. गस्तीवरचा पोलीस पोचतो, अग्निशमन दलाची गाडी पोचते, रुग्णवाहिकेतले दोघं पोचतात. अमेरिकेत या सगळ्यांना मिळून फर्स्ट रिस्पॉन्डर म्हणतात. सरकारी मराठीत 'प्रथम प्रतिसादक' असा शब्द आहे, पण तो काही जिभेवर बसत नाही. इथे आपण 'पहिला पोचणारा' म्हणू. या लोकांसाठी तिकडे मृत्यूतपासाच्या प्राथमिक गोष्टींचे छोटे अभ्यासक्रम निघाले आहेत. त्यांना तपास शिकवावा हा त्यामागचा हेतू नाही. तपास करणारा येईपर्यंत काय पाहायचं, काय लिहून ठेवायचं, कशाला हात लावायचा नाही आणि लावावाच लागला तर कसा, एवढंच त्यात असतं. हे 'एवढंच' अभ्यासक्रमात यायला बराच काळ गेला. खुनांच्या तपासासाठी ते आलं असेल असं कुणालाही वाटेल. माझ्या मते त्याला खरा रेटा मिळाला तो तान्ह्या बाळांच्या मृत्यूंमुळे.

जुन्या काळाबद्दल थोडक्यात. इंग्लंडात ११९४ साली कॉरोनर, म्हणजे अचानक झालेल्या मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी, हे पद आलं, ते मुख्यतः राजाच्या उत्पन्नाची काळजी घ्यायला. प्रेत ज्याला पहिल्यांदा दिसेल त्याने आरडाओरड करून शेजारीपाजारी गोळा करायचे आणि कॉरोनर येईपर्यंत प्रेत तिथेच ठेवायचं, असा दंडक होता. आधीच पुरलं तर गावावर दंड बसे. म्हणजे पहिला पोचणारा कायद्यात आठशे वर्षांपूर्वीच होता. त्याला काही शिकवावं असं मात्र कुणाला वाटलं नव्हतं, दंडाची भीती पुरे होती. पुढे अमेरिकेत १८७७ साली मॅसॅच्युसेट्सने कॉरोनर काढून त्या जागी डॉक्टर नेमले, १९१८ मध्ये न्यूयॉर्क शहरात तसंच झालं, १९३९ मध्ये मेरीलँडने संपूर्ण राज्यासाठी एकच व्यवस्था उभी केली. हे सगळे बदल शवविच्छेदनाच्या टेबलाशी कोण उभा राहणार याबद्दलचे होते. दारातून पहिल्यांदा आत कोण जातो, हा प्रश्न त्यांत नव्हता.

तो प्रश्न पहिल्यांदा मनावर घेतला तो साठी उलटलेल्या एका धनाढ्य घरातल्या स्त्रीने. १९४० च्या दशकात तिने एका फुटाला एक इंच या प्रमाणात बाहुलीघरासारख्या खोल्या बनवून घेतल्या. प्रत्येक खोलीत एक मृत्यू घडलेला आहे. कुठे गॅसची शेगडी, कुठे बाथटब, भिंतीवर तारखेचं कॅलेंडर, दोरीवर वाळत घातलेले बोटभर लांबीचे मोजे. हार्वर्डमध्ये भरणाऱ्या पोलिसांच्या वर्गात या खोल्या वापरत. खोलीसमोर बसायचं, ठरावीक वेळ नुसतं निरखायचं आणि काय दिसलं ते सांगायचं. उत्तर शोधून काढणं हा हेतूच नव्हता. नजर कशी फिरवायची ते शिकायचं होतं. त्यांतल्या अठरा खोल्या आज बाल्टिमोरमध्ये आहेत आणि अजून वर्गात वापरल्या जातात. पण त्या वर्गाला बसत होते ते राज्य पोलिसांतले निवडक लोक. रात्रपाळीचा साधा शिपाई तिथे कधी पोचला नाही.

मग १९६० च्या दशकात पहिला पोचणारा माणूसच बदलला. तोवर अमेरिकेतल्या बऱ्याच गावांत रुग्णवाहिका म्हणजे अंत्यविधी करणाऱ्या दुकानाचीच गाडी असायची. आडवं झोपवून नेता येईल अशी गाडी दुसऱ्या कुणाकडे नव्हती. (जखमी जगला काय आणि मेला काय, गाडी तीच. यातला हितसंबंध कुणाला खटकला नसेल असं नाही.) १९६० साली छाती दाबून हृदय चालू ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध झाली, १९६६ साली अपघाती मृत्यूंवरच्या एका अहवालाने ही रुग्णवाहिका व्यवस्था उघडी पाडली आणि पुढच्या दशकात पॅरामेडिक नावाचा प्रशिक्षित वर्ग उभा राहिला. जीव वाचू लागले. पण मृत्यूची जागा तेव्हापासून पहिल्यासारखी राहिली नाही. शर्ट कापला जातो तो नेमका गोळीच्या भोकातून. गळफासाची गाठ घाईघाईत सोडली जाते. छाती दाबताना बरगड्या मोडतात आणि दुसऱ्या दिवशी टेबलावर त्या मारहाणीसारख्या दिसतात.

याचं सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण १९६३ च्या डलासमधलं आहे. राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या गळ्यावर, पुढच्या बाजूला, गोळीची जखम होती. जीव वाचवण्याच्या धडपडीत डॉक्टरांनी श्वासनळीत नळी घालायला तिथूनच छेद घेतला. त्याच रात्री दुसऱ्या राज्यात शवविच्छेदन करणाऱ्यांना तो नुसता शस्त्रक्रियेचा छेद वाटला. खाली जखम होती हे त्यांना दुसऱ्या दिवशी फोनवर बोलल्यावर कळलं. त्या एका छेदावर नंतर किती शाई सांडली हे सांगायला नको. आजच्या प्रशिक्षणातल्या बऱ्याच सूचना याच जातीच्या आहेत. कापड भोकापासून दूर कापा. दोर गाठीपासून लांब कापा, गाठ तशीच राहू द्या. नळ्या आणि इलेक्ट्रोड काढू नका. सुई टोचली असेल तर ती तुम्ही टोचली हे लिहा.

आता तान्ह्या बाळांच्या मृत्यूंना दिलेल्या एका शब्दाकडे येऊ. मला त्यावर जरा जास्तच बोलायचं आहे.

१९६९ साली अमेरिकेतल्या एका परिषदेत 'सडन इन्फन्ट डेथ सिंड्रोम' या नावाची व्याख्या ठरली. आपण त्याला सिड्स म्हणू. बाळाचा अचानक, पूर्वीच्या तब्येतीवरून अनपेक्षित असा मृत्यू, ज्यात कसून शवविच्छेदन करूनही पुरेसं कारण सापडत नाही, तो सिड्स. नीट पाहिलं तर हे रोगाचं नाव नाही. कारण न सापडण्याला दिलेलं नाव आहे. त्याने एक मोठं काम केलं हे मान्य करायला हवं. 'झोपेत आईच्या अंगाखाली चिरडलं' असा आळ शतकानुशतकं आयांवर येत होता, तो उतरला. पण या व्याख्येची नजर फक्त टेबलावरच्या देहावर होती. बाळ कुठे झोपलं होतं, कशावर, कुणाशेजारी, हे तिने विचारलंच नाही. १९७२ साली एका शोधनिबंधात एकाच घरातल्या दोन भावंडांच्या मृत्यूंच्या आधारे श्वास थांबण्याचा दोष कुटुंबात असतो असं मांडलं गेलं. १९९५ साली त्याच घरातल्या पाचही मुलांच्या खुनांबद्दल आई दोषी ठरली. त्या घरात जाऊन पाहणं हा निदानाचा भागच मानला जात नव्हता.

१९८९ साली तज्ज्ञांचा एक गट बसला, त्याची नवी व्याख्या १९९१ मध्ये छापून आली. बाळ वर्षाच्या आतलं हवं, संपूर्ण शवविच्छेदन हवं, वैद्यकीय इतिहास तपासलेला हवा आणि मृत्यूच्या जागेची पाहणी झालेली हवी. सगळा फरक या शेवटच्या अटीने केला. वैद्यकाच्या एका निदानाने असं सांगितलं की टेबलाशी उभा असलेला डॉक्टर ते एकटा करू शकत नाही. कुणीतरी पलंग पाहिलेला हवा. आणि पलंग पाहिलेला असतो गस्तीवरच्या पोलिसाने, ज्याला यातलं काहीही शिकवलेलं नाही.

झालं असं, की जिथे जागा पाहिली गेली तिथे मऊ उशी, सोफ्याची फट, मोठ्या माणसांचा पलंग दिसू लागला आणि दाखल्यावर 'अपघाती गुदमरणं' असं लिहिलं जाऊ लागलं. जिथे पाहिली गेली नाही तिथे काहींनी जुन्या सवयीने सिड्स लिहिलं, काहींनी 'कारण अज्ञात'. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात या तिघांचे संकेतांक वेगळे आहेत: सिड्सला आर ९५, अज्ञात कारणाला आर ९९ आणि अपघाती गुदमरण्याला डब्ल्यू ७५. एकसारख्या मृत्यूला एका परगण्यात एक क्रमांक मिळे आणि शेजारच्यात दुसरा. बाळाला पाठीवर झोपवा ही मोहीम १९९४ साली सुरू झाली आणि त्या दशकात सिड्सचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. यातली बरीच घट खरी होती. पण दशकाच्या शेवटी शेवटी सिड्सचा आकडा जेवढा उतरला, साधारण तेवढेच बाकीचे दोन चढत होते. म्हणजे मृत्यू त्यांच्या जागी, नाव तेवढं बदललं. अखेर तिन्हींना झाकणारा 'अचानक अनपेक्षित अर्भकमृत्यू' असा एक छत्रीशब्द आणावा लागला. आजही अमेरिकेत वर्षाला साडेतीन हजारांच्या आसपास बाळं या छत्रीखाली मोजली जातात.

वाद अजून मिटलेला नाही. काही शववैद्यांना सिड्स हा शब्दच नको आहे, कारण तो अज्ञानाला आजाराचा सदरा चढवतो. पालकांच्या बाजूने बोलणाऱ्यांना 'अनिर्णित' हा शब्द झोंबतो, कारण त्यात संशयाचा वास येतो. दोन्ही बाजू समजण्यासारख्या आहेत. मला मात्र या भांडणात एक गोष्ट सारखी बाजूला पडलेली दिसते. ज्या माहितीवर शब्द ठरणार, ती पहिल्या दहा मिनिटांतच असते. बाळाचं तोंड वर होतं की खाली? अंगावर किती पांघरुणं होती? खोली किती तापली होती? आणि बाळ तर तिथे नसतंच. आई उचलते, बाप दाराकडे धावतो, पॅरामेडिक कुशीत घेऊन गाडीत चढतो. अंग ताठ झालेलं असलं तरी तान्ह्या बाळाला घरातच मृत ठरवायला हात धजत नाही. बाळ उघडपणे गेलेलं असताना इस्पितळात न्यावं का, यावर दलादलांत वेगवेगळे नियम आहेत. नेलं तर आईबापांना 'सगळं केलं' याचा आधार मिळतो आणि जागेचा अर्थ निघून जातो.

म्हणून १९९६ साली अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या आरोग्ययंत्रणेने अशा मृत्यूंच्या पाहणीसाठी एक लांबलचक नमुना अर्ज काढला, २००६ मध्ये तो सुधारला आणि तो भरायला शिकवणाऱ्यांना शिकवण्याचे वर्ग घेतले. पहिल्या पोचणाऱ्यांपर्यंत मृत्यूतपास नेणारं पहिलं सुसंघटित शिक्षण मी याला म्हणेन. त्यात एक बाहुली असते. पालकाने ती ज्या स्थितीत बाळाला झोपवलं तशी ठेवायची, मग ज्या स्थितीत ते सापडलं तशी, आणि दोन्हींचे फोटो घ्यायचे. हे क्रूर आहे असं म्हणणारे आहेत, आठवणीवर इतका भार टाकू नये असंही. बाहुलीचं काम सहसा तपासनीस करतो. पण पालकाचं सांगणं कशाशी ताडून पाहायचं, तर पहिल्या पोचणाऱ्याने खरडलेल्या चार ओळींशी. मृत्यूनंतर रक्त देहाच्या खालच्या बाजूला साकळतं आणि जांभळट डाग पडतो. काही तासांनी तो पक्का होतो. नाकातोंडाभोवती त्या डागात पांढरी जागा राहिली असेल तर तो भाग कशावर तरी दाबलेला होता. हेही जपून वाचावं लागतं: देह कसा पडून होता एवढंच ती जागा सांगते, जीव कशाने गेला ते सांगत नाही.

इंग्लंडात वाट वेगळी निघाली. दोन बाळांच्या खुनाबद्दल १९९९ साली दोषी ठरलेली आई २००३ मध्ये निर्दोष सुटली. तिच्याविरुद्ध सात कोटी तीस लाखांत एक असा भंपक संभव न्यायालयात सांगितला गेला होता. त्यानंतर २००४ साली ठरलं की अशा घरी पोलीस आणि बालरोगतज्ज्ञ यांनी मिळून जायचं. मला ही पद्धत अधिक शहाणपणाची वाटते, पण तिला घरी जायला तयार असलेला डॉक्टर लागतो, आणि अमेरिकेच्या विस्तारात तो कुठून आणणार?

एकूणच मृत्यूंच्या तपासासाठीची मार्गदर्शक तत्त्वं अमेरिकेच्या न्याय खात्याने १९९९ मध्ये प्रसिद्ध केली. ती मृत्यूतपासनीसासाठी होती. पहिला पोचणारा त्यात होता तो ज्याच्याकडून माहिती घ्यायची असा एक माणूस म्हणून. २००९ साली न्यायसहायक विज्ञानावरच्या एका राष्ट्रीय अहवालाने कॉरोनर पद्धत टप्प्याटप्प्याने संपवावी अशी शिफारस केली. कॉरोनर अजून आहेत, अनेक परगण्यांत ते निवडणुकीने येतात आणि डॉक्टर असण्याची अटही सगळीकडे नाही. अशा जागी पहिल्या पोचणाऱ्याची टिपणं आणखीच मोलाची ठरतात. मग अमली पदार्थांची लाट आली. २०२१ या एका वर्षात अतिमात्रेने एक लाखाहून अधिक माणसं गेली. अभ्यासक्रमांत नवे धडे आले: गोळ्या मोजा, औषधाच्या बाटलीवरची तारीख लिहा, अंगावर औषधाची चिकटपट्टी आहे का बघा, नॅलोक्सोन (अफूजन्य पदार्थांवरचा उतारा) किती वेळा दिलं ते सांगा. फेंटानिल हे अफूच्या जातीचं अतितीव्र औषध नुसतं त्वचेला लागलं तरी माणूस कोसळतो ही भीती पोलिसांत पसरली होती. असा अपघाती स्पर्श विषबाधा करेल ही शक्यता अगदी कमी आहे, असं विषवैद्यकातल्या तज्ज्ञांना २०१७ मध्ये जाहीर करावं लागलं.

आता बऱ्याच पोलिसांच्या छातीवर कॅमेरा असतो. पलंग कुणी हलवण्याआधी कसा होता, हे कधी कधी त्यात आपोआप सापडतं. रुग्णवाहिकेतल्या लोकांकडे तो सहसा नसतो, आणि अनेकदा ते आधी पोचतात. शिवाय खोलीतला उकाडा त्यात येत नाही, गादी ओली होती का ते कळत नाही, जबडा ताठ झाला होता की सैल, हेही नाही. अर्जातले ते रकाने हातानेच भरावे लागतात.