गाणं चालू असताना स्पीकरला आपण ऐकू कसे येतो?

स्मार्ट स्पीकरवर भीमसेनांचा मारवा तार सप्तकात पोचलेला असतो आणि आजोबा पलंगावरूनच त्याला हाक मारून सांगतात, "आवाज कमी कर." आवाज कमी होतो. "एआय आहे ना!" म्हणून घरातले मोकळे होतात. पण शब्द ओळखणं ही नंतरची पायरी. आधी आजोबा ऐकू तर यायला हवेत! ते तीन मीटर दूर, आणि मायक्रोफोनच्या अगदी शेजारी गाणं दणाणतंय.

इथे कामाला येते वजाबाकी. आपण काय वाजवतोय हे यंत्राला आकड्यांनिशी ठाऊक असतं. मायक्रोफोनमध्ये आलेल्या आवाजातून तेवढं वजा केलं की उरतात आजोबा. मात्र गाणं मायक्रोफोनपर्यंत एकदाच येत नाही. थेट येतं, तीन मीटरवरच्या भिंतीवर आपटून सुमारे १७ मिलिसेकंदांनी पुन्हा येतं, मग छतावरून, कपाटावरून, दर वेळी वेगळ्या जोराने. कुणी पडदा ओढला तरी हिशेब बदलतो. आवाजाची सेकंदाला १६,००० मोजमापं, म्हणजे नमुने, घेतले, तर पाव सेकंदाच्या घुमण्यासाठी ४,००० गुणक लागतात; इतक्या नमुन्यांपूर्वी वाजलेलं गाणं आत्ता किती जोराने परत येतंय, हे एकेक गुणक सांगतो. दर नमुन्याला यंत्र या गुणकांवरून प्रतिध्वनीचा अंदाज बांधतं, तो वजा करतं, आणि वजाबाकीनंतर जे उरलं ती चूक गुणिले गाण्याचा त्या गुणकाच्या वाट्याचा जुना नमुना, या प्रमाणात प्रत्येक गुणक किंचित सरकवतं. विड्रो आणि हॉफ या अमेरिकी अभियंत्यांची ही १९६० सालची रीत. गोम अशी, की आजोबांचं बोलणंही गणिताला चूकच वाटतं! म्हणून माणूस बोलतोय असं दिसताच गुणक सरकवणं थांबवावं लागतं.

गणपतीआधी नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झाला, की ही युक्ती लंगडी पडते. ढोलाची प्रत यंत्राकडे नसते, मग वजा काय करणार? तिथे अनेक मायक्रोफोनांना आवाज पोचायला लागणाऱ्या वेळेतल्या सूक्ष्म फरकावरून दिशा धरतात. खिडकी आणि आजोबा एकाच बाजूला असतील, तर त्याचाही फारसा उपयोग नाही.

पुढे शब्द ओळखून ते गाण्यांच्या यादीशी जुळवायचे. नुसतं "मारवा लाव" म्हटलंत तर कुणाचाही लागेल. गायकाचं नाव जोडलेलं बरं.