संवादविरहित अ‍ॅनिमेशनपटातील मैत्री आणि प्रेक्षकांचा प्रतिसाद

ज्या अ‍ॅनिमेशनपटातील पात्रे एकमेकांशी एक शब्दही बोलत नाहीत आणि तरीही ज्यात त्यांच्या स्नेहाची कथा पूर्णपणे सांगितली जाते, अशा चित्रपटांना प्रेक्षकांकडून मिळणाऱ्या प्रतिसादाचा विचार या नोंदीत केला आहे. संवादविरहित चित्रपट म्हणजे मूकपट नव्हे. मूकपटातील पात्रे बोलत असत, त्यांचे ओठही हलत असत. ते बोलणे ऐकवण्याची सोय नसल्यामुळे मजकुराच्या पाट्या दाखवाव्या लागत. संवादविरहित चित्रपटात मात्र पावलांचा, दारांचा, पावसाचा आवाज असतो, संगीत असते, कधी एखादे गाणेही असते. वगळलेले असतात ते फक्त शब्द, आणि तेही जाणीवपूर्वक.

शब्द नसले की प्रेक्षक अर्थ लावायचे थांबत नाही, उलट अधिक हिरिरीने लावू लागतो. 1944 साली फ्रिट्झ हायडर आणि मारियाने झिमेल या मानसशास्त्रज्ञांनी केलेला प्रयोग यासाठी आजही आठवावा लागतो. त्यांनी सुमारे अडीच मिनिटांची एक छोटी फिल्म तयार केली होती. तिच्यात दोन त्रिकोण, एक वर्तुळ आणि एका बाजूने उघडझाप करणारा एक आयत, एवढेच होते. पाहिले ते लिहून काढा, असे सांगितल्यावर जवळजवळ सर्वांनी या आकृत्यांना सजीव मानूनच लिहिले: मोठा त्रिकोण दांडगट ठरला, वर्तुळ भेदरलेले, तर धाकटा त्रिकोण त्याच्या मदतीला धावून जाणारा. तीन आकृत्यांच्या हालचालींतून जर शत्रुत्व आणि सोबत दिसू शकते, तर दोन ठिपक्यांचे डोळे आणि एक रेघ यांच्या चेहऱ्यात माणसाला आपला हरवलेला मित्र दिसावा, यात नवल नाही.

पाब्लो बर्जर या स्पॅनिश दिग्दर्शकाचा ‘रोबॉट ड्रीम्स’ (2023) हे या प्रकाराचे अलीकडील सर्वांत बोलके उदाहरण होय. सारा व्हॅरन यांच्या 2007 सालच्या चित्रकादंबरीवर तो आधारलेला असून 1980च्या दशकातील न्यूयॉर्कमध्ये घडतो. एकटा राहणारा एक कुत्रा टपालाने सुटे भाग मागवून रोबो जोडतो. दोघांचा उन्हाळा आनंदात जातो. समुद्रस्नानानंतर रोबोचे सांधे गंजतात आणि तो वाळूवरच अडकून पडतो. किनारा पुढच्या हंगामापर्यंत बंद होतो. कुत्र्याने केलेले प्रयत्न फसतात आणि हिवाळाभर रोबो घरी परतल्याची स्वप्ने पाहत राहतो. चित्रपटात 2001च्या हल्ल्यात कोसळलेल्या जुळ्या मनोऱ्यांसह जुने शहर पुन्हापुन्हा दिसते, त्यामुळे त्या काळात तिथे राहिलेल्या प्रेक्षकांच्या दृष्टीने हरवण्याची ही गोष्ट केवळ दोन मित्रांपुरती उरत नाही.

प्रेक्षकांच्या बोलण्यात सर्वाधिक येतो तो या चित्रपटाचा शेवट. दुसऱ्याच एका सोबत्याने जुन्या टेपरेकॉर्डरचे धड बसवून नव्याने उभा केलेला रोबो आपल्या जुन्या मित्राला रस्त्याने जाताना पाहतो. कुत्र्याबरोबर आता दुसरा रोबो आहे. धावत जाऊन भेटण्याचे दृश्य आपल्यासमोर येते, पण ते रोबोच्या मनातले असते. प्रत्यक्षात तो दोघांचे आवडते गाणे लावतो आणि स्वतः दिसणार नाही असा आडोशाला राहतो. पडदा दुभंगतो, एका अर्ध्यात कुत्रा, दुसऱ्यात रोबो, आणि दोघे एकाच तालावर तेच नृत्य करतात. ते गाणे म्हणजे ‘अर्थ, विंड अँड फायर’ या वाद्यवृंदाचे 1978 सालचे ‘सप्टेंबर’, आणि त्याची सुरुवातच ‘आठवते का?’ या अर्थाच्या प्रश्नाने होते. एक मित्र दुसऱ्याला जे विचारू शकत नाही, ते इथे शब्दांत येते, आणि तेही उसन्या आवाजात. या ठिकाणी रडू आवरले नाही असे सांगणारे प्रेक्षक असंख्य आहेत. त्यांच्या सांगण्यात कुत्रा आणि रोबो फार थोडा वेळ टिकतात. बघता बघता बोलणे शाळेतल्या मैत्रिणीवर, शहर सोडून गेलेल्या सोबत्यावर, भांडण न होताच तुटलेल्या एखाद्या नात्यावर येते. पडद्यावर संवाद असते, तर ते त्या दोघांचेच राहिले असते. नसल्यामुळे ती रिकामी जागा ज्याची त्याने भरून काढली, हे या प्रतिसादाचे खरे कारण मानावे लागेल.

हीच रिकामी जागा मतभेदांनाही वाव देते. काही प्रेक्षकांना कुत्रा बेइमान वाटतो: त्याने आणखी धडपड करायला हवी होती, दुसरा रोबो घरी आणायला नको होता. इतरांना त्याचे वागणे अगदी माणसासारखे वाटते. हे नाते मैत्रीचे की प्रेमाचे, हा वादही तितकाच रंगतो. हातात हात घालून चालणाऱ्या दोन पात्रांनी नात्याला नाव दिलेले नसल्यामुळे कोणत्याही बाजूला अंतिम पुरावा सापडत नाही. हा संदिग्धपणा चित्रपटाचा दोष नसून त्याची ताकद आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मुलांचा प्रतिसाद वेगळा असतो. ती चित्रपटगृहातच प्रश्न विचारतात, पात्रांच्या वतीने मोठ्याने बोलतात, आणि शेजारी बसलेल्या आईवडिलांना कथा सांगू लागतात. ‘द स्नोमॅन’ (1982) या 26 मिनिटांच्या ब्रिटिश चित्रपटात मुलाने बनवलेला आणि रात्री सजीव झालेला बर्फाचा मित्र सकाळी वितळलेला असतो. मुलाच्या खिशात मात्र त्याच्याबरोबरच्या रात्रीच्या सफरीत मिळालेला गळपट्टा सापडतो. सोबत खरी होती आणि ती संपलीही, या दोन्ही गोष्टी त्या एका कापडात सामावल्या आहेत. समजूत घालणारे एकही वाक्य येत नसल्यामुळे ते काम पालकांना करावे लागते.

लाटव्हियाच्या गिंट्स झिल्बालोडिस यांच्या ‘फ्लो’ने (2024) प्रतिसादाची आणखी एक तऱ्हा दाखवली. महापुरात एकाच नावेत आलेले मांजर, कुत्रा, कॅपिबारा (उंदीरवर्गातला एक मोठा प्राणी), लेमूर (माकडासारखा प्राणी) आणि सेक्रेटरी पक्षी (लांब पायांचा शिकारी पक्षी) यांची ही कथा ब्लेंडर या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये घडवली गेली आणि 2025 साली तिला सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले. इथले प्राणी माणसासारखे वागत नाहीत; पाण्याला घाबरणारे मांजर पुढे बुडी मारून मासे आणते आणि नावेतल्या इतरांपुढे ठेवते, यापलीकडे मैत्रीची ग्वाही दिली जात नाही. आवाज खऱ्या प्राण्यांचे आहेत, मात्र कॅपिबाराचा मूळ आवाज त्या शांत पात्राला शोभेना म्हणून तिथे उंटाच्या पिल्लाचा आवाज वापरला आहे. आपली मांजरे आणि कुत्री पडद्यासमोर बसून हा चित्रपट टक लावून पाहत असल्याच्या चित्रफिती अनेक प्रेक्षकांनी समाजमाध्यमांवर टाकल्या. लाटव्हियात तर चित्रपटाला मिळालेले गोल्डन ग्लोब पुरस्काराचे स्मृतिचिन्ह पाहण्यासाठी रिगाच्या कलासंग्रहालयात लोकांची रीघ लागली होती.

प्रतिकूल प्रतिसादही नोंदवायला हवा. संवादांच्या आधाराने कथा धरून ठेवायची सवय असलेल्यांना असे चित्रपट संथ किंवा विस्कळीत वाटतात, आणि एकीकडे मोबाइल चाळत ते पाहता येत नाहीत. भाषेचा अडसर नाही, म्हणून हे चित्रपट सर्वांसाठी आहेत, हे विधानही तपासून घ्यावे लागते. दृष्टिहीन प्रेक्षकांसाठी दृश्यांचे तोंडी वर्णन जोडावे लागते, आणि ते लिहिणाऱ्याला चित्रपटाने हेतुपुरस्सर न उच्चारलेले शब्द निवडावे लागतात: ‘रोबॉट ड्रीम्स’च्या शेवटी कुत्रा रस्त्यात ‘थबकला’ म्हणायचे, ‘ओळखून थांबला’ म्हणायचे, की नुसतेच ‘थांबला’.