मॅग्नेशियम : आहार आणि आरोग्य

मॅग्नेशियम हे शरीराला रोज लागणारे खनिज. प्रौढ माणसाच्या अंगात ते सगळे मिळून सुमारे २५ ग्रॅम भरते. निम्म्याहून अधिक हाडांत, बाकीचे बहुतेक स्नायूंत आणि इतर ऊतींत. रक्तात एकूण साठ्याचा एक टक्काही नसतो. तीनशेहून अधिक विकरांना (एंझाइमांना) काम करताना त्याची मदत लागते. पेशी आपली ऊर्जा ज्या एटीपी रेणूतून घेतात, तो रेणूसुद्धा मॅग्नेशियमशी जोडलेला असतो तेव्हाच सहसा कामी येतो. कॅल्शियम स्नायू आवळते, मॅग्नेशियम त्याला आवर घालते. हृदयाची लय आणि मज्जातंतूंचा शांतपणा या जोडीवर बराच अवलंबून असतो.

लॅबमध्ये मोजतात ते ‘सीरम मॅग्नेशियम’, म्हणजे रक्तातले. ते साधारण १.७ ते २.२ मिग्रॅ प्रति डेसिलिटर असले की रिपोर्टवर ‘नॉर्मल’ येते, आणि इथेच गफलत होते. रक्तातली पातळी घसरू लागली की हाडांतला साठा थोडाथोडा बाहेर येतो आणि मूत्रपिंडे लघवीवाटे जाणारे मॅग्नेशियम रोखून धरतात. त्यामुळे साठा खालावला तरी आकडा बराच काळ ठीक दिसतो. रिपोर्टपेक्षा ताट आणि औषधांची पिशवी अधिक सांगते, असे या लेखकाचे मत आहे.

कमतरतेची सुरुवात मोघम असते : भूक मंदावणे, मळमळ, थकवा. पुढे मुंग्या, पोटरीत गोळे, झटके, हृदयाचे ठोके चुकणे. तीव्र कमतरतेत पोटॅशियम आणि कॅल्शियमही खाली येतात, आणि मॅग्नेशियम भरून काढल्याशिवाय नुसते पोटॅशियम देऊन ते टिकत नाही. निरोगी माणसात केवळ कमी खाण्यामुळे अशी वेळ क्वचित येते. ती येते ताब्यात नसलेल्या मधुमेहात, जुनाट जुलाबात, अतिमद्यपानात, लघवी वाढवणाऱ्या काही औषधांनी आणि ॲसिडिटीसाठी सकाळी रिकाम्या पोटी घ्यायच्या ‘प्राझोल’ गटातल्या गोळ्या वर्षानुवर्षे चालू राहिल्याने. या गोळ्यांबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ मध्ये इशारा दिला होता. डॉक्टरांनी दोन महिन्यांसाठी लिहून दिलेली गोळी आपणच पुढे चालू ठेवणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावे.

पुणेरी ताटात

प्रौढांची रोजची गरज वय आणि लिंगानुसार साधारण ३०० ते ४०० मिग्रॅच्या घरात धरली जाते. ज्वारी-बाजरीच्या १०० ग्रॅम पिठात सव्वाशे मिग्रॅच्या आसपास मॅग्नेशियम असते. म्हणजे साठ ग्रॅम पिठाची एक भाकरी जवळपास ७५ मिग्रॅ देते. भोगीच्या दिवशी बाजरीची भाकरी थापताना ओल्या बोटांनी वरून तीळ दाबून बसवतात. चमचाभर, म्हणजे दहा ग्रॅम तीळ त्यात आणखी ३५ मिग्रॅची भर घालतात. शेजारी वांगी, गाजर, पावटे, हरभऱ्याची मिसळीची भाजी. थंडीत हे ताट मॅग्नेशियमच्या बाबतीत भरभक्कमच म्हणायचे.

डाव्या बाजूच्या तीळ, जवस, शेंगदाण्याच्या चटण्या दिसायला चिमूटभर, पण रोज पानात पडल्या तर मोलाच्या. उपासाच्या साबुदाणा खिचडीतले मॅग्नेशियम साबुदाण्यातून जवळजवळ येत नाही. येते ते दाण्याच्या कुटातून. राजगिरा मात्र स्वतःच श्रीमंत, दाणाही आणि पालाही. मंडईतल्या पालेभाज्यांच्या हिरवेपणाचा या धातूशी थेट संबंध आहे : हरितद्रव्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचाच अणू बसलेला असतो. पालेभाजी उकडून पाणी ओतून दिले की त्यातला काही भाग मोरीत जातो.

गव्हाचे मॅग्नेशियम मुख्यतः कोंड्यात आणि अंकुरात असते. म्हणून मैद्याचा पाव, खारी, बिस्किटे यांत ते फारच थोडे उरते, आणि पांढऱ्या तांदळाचेही तेच. धान्य-कडधान्यांतले फायटेट नावाचे द्रव्य मॅग्नेशियमच्या शोषणात आडवे येते, पण भिजवून मोड आणल्यावर ते कमी होते. मोड आलेल्या मटकीची उसळ त्या दृष्टीने शहाणपणाची आहे.

पाण्याचा वाटा छोटा. पुणे शहराला येणारे खडकवासला साखळीतल्या धरणांचे पाणी सह्याद्रीच्या पावसाचे असल्याने त्यात क्षार कमी. उपनगरांतल्या बोअर-टँकरच्या पाण्यात, बसाल्ट खडकातून झिरपल्यामुळे, कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त; बादलीवर आणि गिझरमध्ये धरणारा पांढरा थर त्याचाच. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात मॅग्नेशियमची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे ३० मिग्रॅ आहे, दुसरा स्रोतच नसेल तर १००. आरओ यंत्र यातले बहुतेक काढून टाकते. ताट नीट असेल तर त्याने फरक पडत नाही.

गोळ्या आणि इंजेक्शन

झोप, ताण, पायांतले गोळे यांसाठी मॅग्नेशियमच्या गोळ्या सर्रास घेतल्या जातात. वयस्कांच्या पोटरीतल्या पेटक्यांवर त्यांचा फारसा उपयोग दिसलेला नाही. झोपेबद्दलचा पुरावाही तोकडा आहे. जास्त मात्रेने जुलाब होतात. मूत्रपिंडे कमजोर असतील तर मॅग्नेशियम अंगात साचून धोका होतो, आणि पोट साफ होण्यासाठी ‘नैसर्गिक’ म्हणून दिलेली मॅग्नेशियमची औषधेही त्यातून सुटत नाहीत. थायरॉइडची गोळी आणि मॅग्नेशियम यांत चार तासांचे अंतर ठेवावे, नाहीतर पहिलीचे शोषण घटते.

या खनिजाचे सर्वांत मोठे काम प्रसूतिकक्षात दिसते. गरोदरपणी रक्तदाब वाढून झटके येण्याचा धोका असलेल्या स्त्रीला मॅग्नेशियम सल्फेट देतात. ३३ देशांतल्या दहा हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याने झटक्यांचा धोका निम्म्याहून खाली आणला. पुढचा डोस देण्यापूर्वी गुडघ्याखाली हातोडीने हलकेच ठोकून पाय उडतो का, ते पाहतात. श्वास मोजतात, लघवी पुरेशी होते का बघतात. पाय उडाला नाही तर डोस थांबतो, कारण मात्रा वाढली की आधी ही प्रतिक्षिप्त क्रिया जाते आणि मग श्वास. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेटची कुपी हाताशी तयार ठेवलेली असते.