कुराब-अ-कुलांग

कुराब-अ-कुलांग : दक्षिण फिलिपीन्समधील मिंदानाओ व सुलू येथील मोरो या मुस्लिम लोकसमूहांच्या (मागिंदानाओ, मारानाओ, तौसुग इ.) योद्ध्यांचे पारंपरिक चिलखत. पाण-म्हशीच्या शिंगाच्या किंवा पितळेच्या आयताकृती पट्ट्या पितळी कड्यांच्या जाळीने एकमेकींस जोडून ते तयार करीत. ते पुढून उघडे असून छातीवर आकड्यांनी बंद होई. सरदारांच्या चिलखतांचे आकडे चांदीचे व नक्षीदार असत. खाऱ्या, दमट हवेत लोखंड लवकर गंजते. शिवाय मारानाओ लोकांकडे, विशेषतः लानाओ सरोवराकाठच्या तुगाया येथे, पितळकामाची जुनी परंपरा आहे, हे लक्षात घेता धातूची ही निवड स्वाभाविक वाटते.

या चिलखताचा उगम वादग्रस्त आहे. कडी व पट्टी यांची अशी सांगड इराण, ऑटोमन तुर्कस्तान आणि भारत येथे पंधराव्या-सोळाव्या शतकांत रूढ होती; आदोनीच्या १६८९ च्या सुमाराच्या पाडावानंतर बीकानेरच्या शस्त्रागारात गेलेली दख्खनी चिलखते याच जातीची होत. मलायी भाषेत चिलखताला ‘बाजू झिरा’ (बाजू म्हणजे अंगरखा) म्हणतात. त्यातील ‘झिरा’ हा शब्द फार्सी ‘झिरह’पासून आला असून मराठीतील ‘जिरेटोप’ या शब्दाचा पूर्वार्धही बहुधा तोच आहे. याउलट पट्ट्यांच्या चिलखताचे ‘बाजू लामिना’ हे दुसरे मलायी नाव इबेरियन (स्पॅनिश-पोर्तुगीज) वळणाचे आहे, आणि मोरोंची पितळी शिरस्त्राणे तर उघडच स्पॅनिश घाटाची आहेत. त्यावरून संपूर्ण संचच स्पॅनिश अनुकरणातून आला, असे काही अभ्यासक मानतात. तथापि शिरस्त्राण आणि अंगातील चिलखत एकाच वाटेने आले असले पाहिजे असे नाही. तत्कालीन स्पॅनिश छातीकवच अखंड पत्र्याचे असे. जाळीत गुंफलेल्या पट्ट्यांचे त्याच्याशी साम्य अल्प आहे. मलाया द्वीपकल्पावरील मलाक्का बंदरात गुजराती व्यापाऱ्यांचा मोठा वावर होता आणि १५६० नंतरच्या दशकात उत्तर सुमात्रातील आचेच्या सुलतानाने ऑटोमनांकडे लष्करी मदत मागितली होती, हे पाहता मूळ कल्पना पश्चिम आशियातून मलायी बंदरांमार्गे पोहोचली असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. कड्यांची टोके रिव्हेट न ठोकता नुसती भिडवलेली असतात, हा मुद्दा या वादात पुढे केला जातो; परंतु ही पद्धत उत्तरकालीन भारतीय चिलखतांतही आढळत असल्याने त्यावरून निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे.

उपलब्ध नमुने बहुधा अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील असून त्यांपैकी अनेक अमेरिकन राजवटीच्या आरंभी देशाबाहेर गेले. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात असे चिलखत आहे. काम्पिलान (लांब तलवार) व क्रिस (दुधारी तलवार) यांच्या वारांपासून ते संरक्षण देई. रायफलच्या गोळीपुढे मात्र ते निरुपयोगी होते. उत्तरेकडील विसाया बेटांवर अबाका या वनस्पतीच्या धाग्यांच्या दोरांच्या घट्ट विणीचे ‘बारोते’ नावाचे चिलखत वापरीत. त्याचा कुराब-अ-कुलांगशी संबंध दिसत नाही.