बालकांमधील घशामागील गळू

घशाची मागची भिंत आणि मानेचे मणके यांच्यामधील पोकळीत पू साचण्याच्या विकाराला घशामागील गळू किंवा रेट्रोफॅरिंजियल ॲब्सेस म्हणतात. नाक, घसा व कानातील जंतुसंसर्ग या पोकळीतील लसिकाग्रंथींपर्यंत (जंतूंना अडवणाऱ्या छोट्या गाठींपर्यंत) पोचून तेथे पू धरतो. वाढत्या वयाबरोबर या ग्रंथी आक्रसत असल्याने हा आजार मुख्यतः ५ वर्षांखालील मुलांत आढळतो. पुवात बहुधा स्ट्रेप्टोकॉकस, स्टॅफिलोकॉकस व ऑक्सिजनविना वाढणारे जंतू एकत्र असतात.

सुरुवात साध्या सर्दी-तापासारखी होते. पुढे मूल घास व दूध नाकारते, लाळ गिळत नाही, आवाज कोंडल्यासारखा येतो. वर पाहायला सांगितले तर ते फक्त डोळे वर करते, मान हलवत नाही. ही खूण घरातही ओळखता येते. श्वास आत घेताना घरघर होऊ लागली किंवा बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाऊ लागला, तर श्वासमार्ग दाबला जात आहे असे समजावे. घशात बोट घालून पडजीभ उचलणे किंवा गाठ दाबणे अशा वेळी जिवावर बेतते, कारण गळू फुटून पू थेट फुप्फुसात जाऊ शकतो.

उपचारात श्वासमार्ग पहिला, तपासण्या नंतर. मुलाला आईच्या मांडीवर बसते ठेवून ऑक्सिजन द्यावा. धाप लागलेल्या मुलाला सीटी स्कॅनसाठी बळेच आडवे करू नये. श्वासनलिकेत नळी घालण्याचे काम अनुभवी भूलतज्ज्ञाने, गरज पडल्यास गळ्याला छेद देऊन श्वासनलिका उघडण्याची तयारी ठेवूनच करावे. मानेच्या बाजूच्या एक्स-रेत दुसऱ्या मणक्यापुढील मऊ भाग ७ मिलिमीटरपेक्षा जाड दिसल्यास संशय बळावतो; मात्र मूल रडत असताना किंवा मान वाकलेली असताना हा भाग उगीच जाड दिसतो. श्वास स्थिर असलेल्या मुलातील लहान गळू शिरेतून दिलेल्या प्रतिजैविकांनी २४ ते ४८ तासांत उतरू लागू शकते. तसे न झाल्यास, गळू मोठे असल्यास किंवा श्वास अडत असल्यास कान-नाक-घसातज्ज्ञ पूर्ण भूल देऊन तोंडावाटे पू काढतात. पू छातीच्या मध्यभागात उतरणे, मानेतील मोठ्या शिरेत रक्ताची गुठळी होणे, रक्तात जंतुसंसर्ग पसरणे आणि वरचे दोन मणके सरकणे या इतर गंभीर गुंतागुंती होत. पू काढल्यानंतरही ताप टिकला, तर त्यांचा शोध घ्यावाच लागतो.

मराठवाड्यात खरी अडचण अंतराची आहे. छत्रपती संभाजीनगरचे ‘घाटी’ हे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालय, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय, नांदेड व लातूरची शासकीय वैद्यकीय महाविद्यालये ही मोठी केंद्रे अनेक तालुक्यांपासून काही तासांवर आहेत. म्हणून ग्रामीण रुग्णालयाने प्रतिजैविकाचा पहिला डोस देऊन, पुढच्या रुग्णालयाला फोनवर कळवून, १०८ रुग्णवाहिकेतून ऑक्सिजनसह आणि बसत्या स्थितीत मुलाला पाठवावे. आठवडेन् आठवडे हळूहळू वाढणारी, फारसा ताप नसलेली सूज असेल तर मानेच्या मणक्यांचा क्षयरोग तपासावा. त्यातील थंड गळूसाठी (क्षयरोगामुळे फारशा तापाविना हळूहळू साचणाऱ्या पुवासाठी) क्षयरोगावरील औषधे दीर्घकाळ द्यावी लागतात आणि पू काढायचा झाल्यास तो सहसा मानेच्या बाहेरून काढतात.